बंगळुरूचा एरोस्पेस विभाग : युद्धकाळातील अभ्यासवर्गापासून अंतराळ स्थानकापर्यंत

बंगळुरू : भारतीय हवाई दलाचे ग्रुप कॅप्टन शुभांशू शुक्ला २६ जून २०२५ रोजी आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकात दाखल झाले. या स्थानकात पाऊल ठेवणारे ते पहिले भारतीय. त्यांनी एम.टेक. ही पदवी बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्समधून, एरोस्पेस अभियांत्रिकी या विषयात घेतली आहे. ‘इस्रो’चे माजी अध्यक्ष के. शिवन आणि त्यांच्यानंतर त्या पदावर आलेले एस. सोमनाथ हेही याच विभागाचे विद्यार्थी. देशातील विमानविद्येचे पहिले विद्यापीठीय शिक्षण येथे १९४२ मध्ये सुरू झाले. विमान दुरुस्तीच्या कारखान्याला प्रशिक्षित माणसे हवीत, या युद्धकालीन निकडीतून हा विभाग उभा राहिला. गेल्या आठ दशकांत भारताने विमान, अग्निबाण आणि उपग्रह या क्षेत्रांत जे मिळवले, त्याचे आणि जे अद्याप हाती आलेले नाही त्याचेही प्रतिबिंब या विभागाच्या इतिहासात दिसते.

कारखाना आधी, वर्ग नंतर

या विभागाची कथा सोलापूरचे उद्योगपती वालचंद हिराचंद यांच्यापासून सुरू होते. १९३९ मध्ये परदेश प्रवासात त्यांची विल्यम पॉली या अमेरिकी विमान व्यावसायिकाशी गाठ पडली आणि भारतात विमान कारखाना काढण्याची कल्पना पुढे आली. म्हैसूर संस्थानाने जमीन आणि भांडवल देऊ केल्याने जागा ठरली ती बंगळुरूची. २३ डिसेंबर १९४० रोजी हिंदुस्थान एअरक्राफ्ट ही कंपनी स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी येथे जुळणी केलेले हार्लो जातीचे प्रशिक्षण विमान उडाले. जपानी फौजा ब्रह्मदेशापर्यंत पोहोचल्यावर मात्र चित्र पालटले. १९४२ मध्ये सरकारने वालचंद यांचा हिस्सा विकत घेतला, आणि पुढे कारखान्याचा ताबा अमेरिकी हवाई दलाकडे जाऊन तेथे लढाऊ व मालवाहू विमानांची दुरुस्ती होऊ लागली.

कारखान्यापासून काही मैलांवर भारतीय विज्ञान संस्था होती. जमशेटजी टाटा यांच्या संकल्पनेतून आणि म्हैसूर संस्थानाने दिलेल्या सुमारे ३७१ एकर जागेवर १९०९ मध्ये स्थापन झालेली ही संस्था बंगळुरूकरांच्या तोंडी आजही ‘टाटा इन्स्टिट्यूट’च आहे. तिचे तत्कालीन संचालक ज्ञानचंद्र घोष स्वतः रसायनशास्त्रज्ञ होते. संस्थेने मूलभूत विज्ञानाच्या जोडीने अभियांत्रिकीतही उतरावे, असा त्यांचा आग्रह होता. त्यांच्याच कारकिर्दीत १९४२ मध्ये वैमानिक अभियांत्रिकी, अर्थात एरोनॉटिकल इंजिनिअरिंग विभाग सुरू झाला. शिक्षण प्रथमपासून मुख्यतः पदव्युत्तर होते. दुसऱ्या शाखेतील पदवी घेतलेल्या अभियंत्याला येथे विमानविद्या शिकवली जाई.

घाटगे यांचा वारसा

विभागाची उभारणी करणारे विष्णू माधव घाटगे हे मूळचे कोल्हापूर भागातील. १९०८ मध्ये जन्मलेले घाटगे मुंबईत शिकून जर्मनीतील ग्योटिंगेन विद्यापीठात गेले आणि लुडविग प्रांटल यांच्या मार्गदर्शनाखाली त्यांनी १९३६ मध्ये डॉक्टरेट मिळवली. विमानाच्या पृष्ठभागाला चिकटून वाहणारा हवेचा पातळ थर त्याच्या गतीला घर्षणाचा अडथळा करतो, हे प्रांटल यांनी १९०४ मध्ये दाखवून दिले होते. या थराला सीमास्तर म्हणतात आणि आधुनिक वायुगतिशास्त्राचा पाया त्या सिद्धांतावर उभा आहे. त्या पायाशी बसून शिकलेला अभियंता बंगळुरूला मिळणे ही विभागाच्या दृष्टीने मोठी जमेची बाजू होती.

घाटगे यांचे एक पाऊल कारखान्यात आणि एक वर्गात होते. विभागात शिकवतानाच ते हिंदुस्थान एअरक्राफ्टमध्ये आराखड्याचे काम करीत. स्वातंत्र्यानंतर त्यांच्या नेतृत्वाखाली ‘एचटी-२’ हे दोन आसनी प्रशिक्षण विमान तयार झाले आणि ऑगस्ट १९५१ मध्ये त्याने पहिले उड्डाण केले. स्वतंत्र भारतात आराखड्यापासून घडवलेले हे पहिले विमान. अशी दीडशेहून अधिक विमाने बांधण्यात आली आणि हवाई दलाच्या कित्येक तुकड्यांनी उड्डाणाचे पहिले धडे त्यावर गिरवले. घानाने आपले हवाई दल उभारले तेव्हाही ही विमाने तेथे गेली. घाटगे यांच्याच चमूने आखलेले ‘किरण’ हे जेट प्रशिक्षण विमान सप्टेंबर १९६४ मध्ये उडाले. पुढे हवाई दलाच्या ‘सूर्यकिरण’ या कसरती पथकाने अनेक वर्षे तेच विमान वापरले. १९६५ मध्ये घाटगे यांना ‘पद्मश्री’ने गौरवण्यात आले. १९९१ मध्ये त्यांचे निधन झाले.

मात्र या दोन्ही विमानांचा सांगाडा, पंख आणि नियंत्रण भारतीय असले तरी इंजिन ब्रिटिश बनावटीचे होते. ही उणीव पुढे वारंवार डोके वर काढणार होती.

वायुबोगद्यांची उभारणी

विमान प्रत्यक्ष उडवण्यापूर्वी त्याची लहान प्रतिकृती स्थिर ठेवून तिच्यावरून वेगाने हवा सोडतात आणि तिच्यावर पडणारा दाब व ओढ मोजतात. या यंत्रणेला विंड टनेल किंवा वायुबोगदा म्हणतात. वैमानिक अभियांत्रिकीचा विभाग वायुबोगद्याशिवाय चालणे म्हणजे वैद्यकीय महाविद्यालय रुग्णालयाशिवाय चालवण्यासारखे. त्यामुळे बंगळुरूच्या विभागाने आरंभापासून बोगदे उभारण्यावर भर दिला.

पन्नासच्या दशकाच्या अखेरीस येथे १४ फूट रुंद आणि ९ फूट उंच लंबवर्तुळाकार चाचणी कक्षाचा मोठा बोगदा उभा राहिला. तो खुल्या चक्राचा आहे, म्हणजे एका टोकाने बाहेरची हवा आत खेचली जाते आणि दुसऱ्या टोकाने ती बाहेर पडते. विमानांच्या प्रतिकृतींबरोबरच उंच इमारती आणि धुराड्यांवर वाऱ्याचा किती भार येतो, हेही येथे तपासले जाऊ लागले. त्यामुळे विमानाशी संबंध नसलेल्या स्थापत्य अभियंत्यांनाही या विभागाचे दार ठोठवावे लागले.

घाटगे यांच्यानंतर विभागाची धुरा काही काळ जर्मन शास्त्रज्ञ ऑस्कर टिट्जेन्स यांच्याकडे होती. तेही प्रांटल यांचेच शिष्य. प्रांटल यांच्या व्याख्यानांवर आधारित त्यांचे ग्रंथ त्या काळी जगभरातील अभियंते वापरत.

धवन पर्व

१९५१ मध्ये सतीश धवन विभागात रुजू झाले. श्रीनगरमध्ये जन्मलेले आणि लाहोरला शिकलेले धवन यांच्याकडे गणित-भौतिकशास्त्र, इंग्रजी साहित्य आणि यंत्र अभियांत्रिकी अशा तीन निरनिराळ्या विषयांतील पदव्या होत्या. अमेरिकेतील कॅल्टेक या संस्थेत हान्स लिपमन यांच्या हाताखाली त्यांनी डॉक्टरेट पूर्ण केली. वेगाने वाहणाऱ्या हवेचे पृष्ठभागावरील घर्षण थेट कसे मोजावे, हा त्यांच्या संशोधनाचा विषय होता.

बंगळुरूला परतल्यावर त्यांच्या हाती ना कॅल्टेकची साधने होती, ना तेवढा पैसा. त्यांनी साधने येथेच बनवायची असे ठरवले. आवाजाहून अधिक वेगाचा म्हणजे स्वनातीत प्रवाह निर्माण करणारा देशातील पहिला वायुबोगदा त्यांनी विभागात उभारला. सतत चालणाऱ्या स्वनातीत बोगद्याला प्रचंड वीज लागते. ती परवडणारी नसेल तर टाक्यांमध्ये हवा दाबून भरून ठेवायची आणि काही क्षणांसाठी एकदम सोडायची, हा मार्ग असतो. त्या थोड्या क्षणांत मोजमाप उरकण्याची शिस्त विद्यार्थ्यांना अंगी बाणवावी लागली. उपकरण विकत घेण्याआधी ते स्वतः करता येईल का, हे पाहण्याची विभागाची सवय याच काळात पडली.

१९५५ मध्ये धवन विभागप्रमुख झाले. त्यांच्या पहिल्या विद्यार्थ्यांपैकी एक होते रोद्दम नरसिंह. म्हैसूर विद्यापीठातून यंत्र अभियांत्रिकीची पदवी घेतलेल्या नरसिंह यांना आप्तेष्टांनी रेल्वेतील किंवा एखाद्या तेल कंपनीतील नोकरी सुचवली होती. मात्र ‘टाटा इन्स्टिट्यूट’च्या आवारात वैमानिक विभागापाशी ठेवलेले स्पिटफायर हे लढाऊ विमान त्यांनी पाहिले होते. त्या विमानाने आपल्याला या विषयाकडे ओढले, असे ते पुढे सांगत. १९५३ मध्ये त्यांनी विभागात प्रवेश घेतला.

धवन आणि नरसिंह यांचा १९५८ मध्ये ‘जर्नल ऑफ फ्लुइड मेकॅनिक्स’मध्ये प्रसिद्ध झालेला शोधनिबंध आजही आधारभूत मानला जातो. पृष्ठभागालगत शांतपणे, थरांनी वाहणारी हवा पुढे जाऊन खळबळू लागते. हा बदल एका रेषेवर एकदम होत नाही. खळबळीचे ठिपके जागोजागी उमटतात, वाढतात आणि एकमेकांत मिसळतात. त्या मधल्या पट्ट्यातील प्रवाहाचे वर्णन करणारी पद्धत या दोघांनी मांडली. विमानाच्या पंखावर किंवा टर्बाइनच्या पात्यावर किती घर्षण व उष्णता निर्माण होईल, याचा अंदाज बांधण्यासाठी ती उपयोगी पडते. वसाहतीच्या राजवटीतून नुकत्याच बाहेर पडलेल्या देशातील एका लहान प्रयोगशाळेतून असे काम होणे ही त्या काळी असाधारण गोष्ट होती.

विभागातून इस्रोकडे

साठच्या दशकाच्या आरंभी वयाच्या चाळिशीतच धवन भारतीय विज्ञान संस्थेचे संचालक झाले आणि १९८१ पर्यंत त्या पदावर राहिले. दरम्यान, १९५९ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळा बंगळुरूला आली होती. विद्यापीठाच्या आवाक्यापलीकडचे मोठे बोगदे तेथे उभारण्यात आले. त्यांपैकी चार फुटी त्रिस्वनी बोगदा १९६७ मध्ये सुरू झाला. आवाजाहून कमी, आवाजाइतका आणि त्याहून अधिक अशा तिन्ही वेगांना चाचणी घेता येत असल्याने त्याला हे नाव पडले. कारखाना, प्रयोगशाळा आणि विभाग असा त्रिकोण बंगळुरूत पूर्ण झाला.

३० डिसेंबर १९७१ रोजी विक्रम साराभाई यांचे अकाली निधन झाले. धवन तेव्हा अध्ययन रजेवर कॅल्टेकमध्ये होते. अंतराळ कार्यक्रमाची सूत्रे स्वीकारण्याची विचारणा झाली, तेव्हा त्यांनी दोन अटी घातल्या : विज्ञान संस्थेचे संचालकपद सोडणार नाही आणि कार्यक्रमाचे मुख्यालय बंगळुरूला असावे. दोन्ही मान्य झाल्या. देशाच्या अंतराळ कार्यक्रमाचे मुख्यालय आज बंगळुरूत आहे, त्याचे एक कारण हे आहे. १९७२ पासून १९८४ पर्यंत ते ‘इस्रो’चे अध्यक्ष होते, आणि त्यातील जवळपास नऊ वर्षे त्यांनी दोन्ही पदे एकाच वेळी सांभाळली.

१० ऑगस्ट १९७९ रोजी ‘एसएलव्ही-३’चे पहिले उड्डाण फसले, तेव्हा प्रकल्प संचालक ए. पी. जे. अब्दुल कलाम यांना मागे ठेवून पत्रकारांपुढे धवन स्वतः गेले आणि त्यांनी अपयशाची जबाबदारी घेतली. १८ जुलै १९८० रोजी ‘रोहिणी’ उपग्रह कक्षेत पोहोचला, त्या वेळी मात्र पत्रकार परिषद घेण्यास त्यांनी कलाम यांना सांगितले. कलाम यांनी हा प्रसंग अनेक व्याख्यानांतून सांगितला आहे. ३ जानेवारी २००२ रोजी धवन यांचे निधन झाले आणि त्याच वर्षी श्रीहरिकोटा येथील अंतराळ केंद्राला त्यांचे नाव देण्यात आले.

नरसिंह यांनीही कॅल्टेकमधून डॉक्टरेट घेऊन १९६२ मध्ये विभागात परत येणे पसंत केले. १९८४ ते १९९३ या काळात ते राष्ट्रीय वैमानिकी प्रयोगशाळेचे संचालक होते. १९८६ मध्ये तेथे हवेच्या प्रवाहाची गणिते सोडवण्यासाठी ‘फ्लोसॉल्व्हर’ हा समांतर संगणक देशातच तयार झाला. विमानाच्या पंखावरील आणि मोसमी ढगांमधील प्रवाहांची समीकरणे मुळात सारखीच, या जाणिवेतून त्यांनी विज्ञान संस्थेत वातावरणशास्त्राच्या संशोधनालाही चालना दिली. २०१३ मध्ये त्यांना ‘पद्मविभूषण’ मिळाले. १४ डिसेंबर २०२० रोजी त्यांचे निधन झाले.

अग्निबाणापासून खेड्यातील दिव्यापर्यंत

अंतराळ कार्यक्रम वाढला तसा विभागाचा अभ्यासविषयही विस्तारला आणि ‘एरोनॉटिकल’ हे नाव मागे पडून ‘एरोस्पेस’ आले. आज वायुगतिशास्त्र, संरचना, प्रणोदन म्हणजे इंजिनविद्या, आणि मार्गदर्शन व नियंत्रण या मुख्य शाखांत अध्यापन व संशोधन चालते. सुरेश देशपांडे यांनी वायूच्या रेणूंच्या हालचालींवर आधारित गणनपद्धती विकसित केल्या आणि संगणकाद्वारे प्रवाहाचा अभ्यास करणाऱ्या क्षेत्रात विभागाचे नाव झाले.

ज्वलनाच्या प्रयोगशाळेचा प्रवास सर्वांत अनपेक्षित ठरला. अग्निबाणाच्या इंधनाचा अभ्यास करणारे एच. एस. मुकुंद आणि त्यांचे सहकारी ऐंशीच्या दशकात लाकूडफाटा आणि शेतातील काडीकचऱ्याकडे वळले. हे पदार्थ मर्यादित हवेत जाळल्यास ज्वलनशील वायू मिळतो. तो इंजिनात वापरून वीज निर्माण करता येते. अडचण होती ती वायूतील डांबरासारख्या चिकट द्रव्याची, कारण त्यामुळे इंजिन लवकर बंद पडते. ज्योतीच्या आत तापमान आणि हवा कशी पसरते, याचे अग्निबाणाच्या अभ्यासातून आलेले ज्ञान येथे कामी आले आणि स्वच्छ वायू देणारी भट्टी तयार झाली. १९८८ मध्ये कर्नाटकातील तुमकूर जिल्ह्यातील होसहळ्ळी या वीज नसलेल्या लहानशा खेड्यात असे संयंत्र बसवण्यात आले. त्यावर घरोघरी दिवे लागले. पुढे पिण्याच्या पाण्याचा पंप आणि पिठाची गिरणीही चालली.

विभागातील कामाला धोक्याची किनारही आहे. आवाजाच्या पाचपट किंवा त्याहून अधिक वेगाच्या प्रवाहाचा आणि आघात-तरंगांचा अभ्यास करणाऱ्या प्रयोगशाळेत ५ डिसेंबर २०१८ रोजी वायूच्या नळकांड्याचा स्फोट झाला. त्यात एका तरुण संशोधकाचा मृत्यू झाला आणि तिघे जखमी झाले. उच्च दाबाचे वायू हाताळणाऱ्या विद्यापीठीय प्रयोगशाळांमधील सुरक्षेचा प्रश्न या दुर्घटनेने ऐरणीवर आणला.

इंजिनाची उणीव

विभागाच्या माजी विद्यार्थ्यांत कोटा हरिनारायण यांचे नाव अग्रक्रमाने घेतले जाते. बंगळुरूतून पदव्युत्तर आणि मुंबईच्या आयआयटीतून डॉक्टरेट घेतलेले हरिनारायण हलक्या लढाऊ विमानाच्या कार्यक्रमाचे संचालक होते. पुढे ‘तेजस’ हे नाव मिळालेल्या त्या विमानाने ४ जानेवारी २००१ रोजी बंगळुरूतच पहिले उड्डाण केले.

मात्र ‘तेजस’चे इंजिन अमेरिकी आहे. हा अनुभव भारताला नवा नव्हता. जर्मन अभियंते कुर्ट टँक यांच्या नेतृत्वाखाली बंगळुरूत तयार झालेले ‘मारुत’ हे लढाऊ विमान १७ जून १९६१ रोजी उडाले. त्याची रचना आवाजाहून बऱ्याच अधिक वेगासाठी केलेली होती, पण त्या ताकदीचे इंजिन शेवटपर्यंत मिळाले नाही. कमी शक्तीच्या ब्रिटिश इंजिनावर ते चालवावे लागले आणि १४७ विमानांनंतर उत्पादन थांबले. ‘तेजस’साठी स्वदेशी ‘कावेरी’ इंजिनाचा प्रकल्प १९८९ मध्ये हाती घेण्यात आला, पण त्याचा मेळ अपेक्षित शक्तीशी बसला नाही आणि २००८ मध्ये तो ‘तेजस’पासून वेगळा करण्यात आला. ‘तेजस’च्या पुढील विमानांसाठी २०२१ मध्ये ९९ अमेरिकी इंजिनांचा करार झाला. त्यांपैकी पहिले इंजिन कारखान्याच्या हाती पडले ते मार्च २०२५ मध्ये. त्यामुळे हवाई दलाला मिळणाऱ्या विमानांचे वेळापत्रक कोलमडले.

प्रवाहाचे आणि ज्वलनाचे शास्त्र बंगळुरूच्या वर्गांत अनेक दशके शिकवले जात असताना इंजिन का झाले नाही, हा प्रश्न साहजिक आहे. त्याचे एक कारण असे की जेट इंजिनाच्या टर्बाइनची पाती वितळणबिंदूहून अधिक तप्त वायूत फिरतात. त्यासाठी लागणारे मिश्रधातू, एकाच स्फटिकात ओतलेली पाती आणि त्यांच्या आत हवेने गारवा पोहोचवणारे सूक्ष्म मार्ग हे सारे विद्यापीठातील प्रयोगशाळेपलीकडे कारखान्यात, हजारो तासांच्या चाचण्यांतून साध्य होते. १९४२ मध्ये घाटगे यांच्यासारख्यांनी वर्ग आणि कारखाना यांना जोडले म्हणून नऊ वर्षांत देशी विमान उडाले. इंजिनाच्या बाबतीत तशी साखळी अद्याप पूर्ण व्हायची आहे.

देशभर पसरलेली शाखा

विमानविद्येचे शिक्षण पुढे एका शहरापुरते राहिले नाही. १९४९ मध्ये मद्रास इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत वैमानिक अभियांत्रिकी सुरू झाली. अब्दुल कलाम तेथेच शिकले. खरगपूर, कानपूर, मुंबई आणि मद्रास येथील आयआयटींमध्येही हे विभाग उभे राहिले. कानपूरच्या विभागाकडे स्वतःची धावपट्टी आणि विमाने आहेत. मुंबईच्या आयआयटीतील विद्यार्थ्यांनी घडवलेला ‘प्रथम’ उपग्रह २६ सप्टेंबर २०१६ रोजी ‘पीएसएलव्ही’तून कक्षेत गेला. शिवन यांनीही आपली डॉक्टरेट मुंबईच्याच आयआयटीतून पूर्ण केली.

बंगळुरूच्या विभागात आजही प्रवेश मुख्यतः पदव्युत्तर आणि डॉक्टरेट स्तरावर आहे. एम.टेक.साठी ‘गेट’ परीक्षेतील गुण ग्राह्य धरले जातात. ‘इस्रो’, संरक्षण संशोधन संस्था आणि हवाई दल आपले अभियंते व अधिकारी येथे शिक्षणासाठी पाठवतात. शुक्ला हे त्याच परंपरेतील. पन्नासच्या दशकात उभारलेला १४ फुटी बोगदा अजूनही वापरात आहे.